नाव झाकून पाठवलेला निबंध



९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये, पंचवीस वर्षांच्या एका विद्यार्थ्याने निबंध वाचला. विषय होता भारतातील जाती, त्यांची यंत्रणा, उगम आणि विकास. वर्षभराने, मे १९१७ मध्ये, तो ‘इंडियन अँटिक्वेरी’ या नियतकालिकात छापून आला. ज्यांच्या स्मृतीसाठी आपण जमलो आहोत त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे विद्वानांच्या जगातले हे सुरुवातीचे पाऊल.

त्या निबंधातल्या विचाराबद्दल महाराष्ट्रात पुष्कळ बोलले गेले आहे. मला आज त्याच्या बांधणीबद्दल बोलायचे आहे. वाणिज्य आणि व्यवस्थापनाच्या परिषदांना संशोधन कसे पाठवावे, हा विषय संयोजकांनी मला दिला, तेव्हा या निबंधाइतका चांगला नमुना मला दुसरा आठवला नाही.

बाबासाहेबांनी आधी काय केले? सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि आपले ज्ञानकोशकार केतकर, या चौघांनी जातीची व्याख्या कशी केली ते मांडले. प्रत्येकाने काय नेमके धरले आणि त्याच्या हातून काय निसटले, ते सांगितले. मग आपले म्हणणे एका मुद्द्यावर आणून ठेवले. जातीचे खरे लक्षण म्हणजे गटाबाहेर लग्न न करणे. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या रूढी लग्नाचे हे कुंपण टिकवण्यासाठी आल्या. आणि शेवटी, आपली मांडणी टिकत नाही असे कोणी दाखवून दिले तर ती सोडायला तयार आहोत, असेही बजावले. इतरांनी काय म्हटले, त्यात काय राहिले, माझे म्हणणे काय, ते कुठे चुकू शकते. आज जगातल्या कोणत्याही परिषदेचा समीक्षक हेच चार प्रश्न हातात घेऊन निबंध उघडतो.

दुसरा निबंध आपल्या आजच्या विषयाला आणखी जवळचा आहे. १९१८ मध्ये ‘जर्नल ऑफ द इंडियन इकॉनॉमिक सोसायटी’त त्यांनी भारतातल्या लहान धारणक्षेत्रांवर आणि त्यांवरच्या उपायांवर लिहिले. शेतीचे तुकडे पडतात म्हणून शेतकरी गरीब, तेव्हा तुकडे जोडा आणि शेत मोठे करा, असा त्या वेळचा सूर होता. बाबासाहेबांनी हिशेबाची मांडणीच बदलली. शेत लहान की मोठे हे एकट्या एकरांवर ठरत नाही. त्या जमिनीवर भांडवल किती, औजारे किती, राबणारे हात किती, यांच्या प्रमाणावर ते ठरते. भांडवल तुटपुंजे आणि रिकामे हात जास्त, हा खरा रोग. म्हणून शेतीवरचा माणसांचा भार उद्योगांकडे वळवा, असे त्यांनी सांगितले.

हा निबंध मी वाचतो तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आपला पट्टा येतो. जाफराबाद, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा. रस्त्याच्या दोन्ही अंगांना पांढरी-हिरवी शेडनेट. जालन्याला बियाण्याचे गाव ही ओळख मिळाली ती बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये महिको सुरू केली तेव्हापासून. १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार त्यांना मिळाला. पुढे बियाण्याचे काम कंपनीच्या आवारातून शेतकऱ्यांच्या वावरात पसरत गेले, आणि आज मिरची, टोमॅटो, काकडीचे सीड प्लॉट आपल्या गावांत घरोघरी ओळखीचे झाले आहेत.

दहा गुंठ्यांचे शेडनेट म्हणजे साधारण हजार चौरस मीटर जागा. जुन्या हिशेबाने ही शेती म्हणायलाही कमी. पण आत जाऊन पाहा. संध्याकाळच्या आधी बाया ओळीत बसून उद्या उमलणाऱ्या कळ्या निवडतात आणि बारीक चिमट्याने त्यांतला नर काढून टाकतात. दुसऱ्या दिवशी सकाळी नर झाडाचे पराग त्या फुलांच्या टोकाला लावतात, त्यालाच आपण क्रॉसिंग म्हणतो. क्रॉसिंग झालेल्या फुलाला खूण करतात, म्हणजे तोडणीला त्याचेच फळ वेगळे निघते. एखादी कळी राहून गेली आणि आपोआप फळली तर बियाण्यात भेसळ. हे काम हंगामभर रोज चालते. जागा दहा गुंठे, पण सांगाडा, नेट, ठिबक आणि मजुरी यांवर जो पैसा लागतो तो कोरडवाहू पाच एकरांना लागत नाही. एकर सोडून भांडवल आणि हात मोजा, हे १९१८ चे म्हणणे इथे चिमट्याच्या टोकावर दिसते. त्या निबंधाला शंभर वर्षे उलटून गेली. त्यातले सूत्र या दहा गुंठ्यांवर लावून पाहणारा शोधनिबंध आपल्याच तालुक्यातून जावा, असे मला मनापासून वाटते.

आणि प्रश्नांना तोटा नाही. कंपनी आणि शेतकरी यांच्यामध्ये ऑर्गनायझर असतो. पायाभूत बियाणे तो आणून देतो, उचल देतो, प्लॉट पाहतो, माल उचलतो. तो कोणाचा माणूस? कंपनीचा की गावाचा? बियाणे तयार झाल्यावर नमुना तपासणीला जातो. उगवण पाहतात, शुद्धतेसाठी ते बी लावून ग्रो-आउट टेस्ट घेतात. निकाल येईपर्यंत शेतकऱ्याचा पैसा अडकलेला. नमुना नापास झाला तर तोटा कोणी किती सोसायचा? करारात काय लिहिलेले असते आणि प्रत्यक्षात काय होते? क्रॉसिंगची मजुरी रोजावर चांगली की गुत्त्यावर, आणि बियाण्याच्या शुद्धतेवर त्याचा परिणाम होतो का? हे सगळे व्यवस्थापनशास्त्राच्या गाभ्यातले प्रश्न आहेत: करार, जोखमीची वाटणी, गुणवत्तेची तपासणी, विश्वास.

इथे एका जगप्रसिद्ध निबंधाची गोष्ट सांगतो, कारण ती आपल्या बियाण्याला तंतोतंत लागू पडते. माल डोळ्यांनी पाहून त्याचा कस कळत नसेल आणि तो फक्त विकणाऱ्याला ठाऊक असेल, तर बाजाराचे काय होते? जॉर्ज अकर्लॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने जुन्या मोटारींचे उदाहरण घेऊन हे दाखवले. त्याच निबंधात भारतातल्या सावकारीचेही उदाहरण आहे. तीन नियतकालिकांनी तो परत पाठवला. त्यांतल्या दोघांना तो क्षुल्लक वाटला. चौथ्या ठिकाणी, १९७० मध्ये, तो छापून आला आणि २००१ मध्ये अकर्लॉफना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. ज्यांचा निबंध परिषदेकडून परत आला आहे त्यांनी ही हकीकत मनात ठेवावी. आणि ज्यांच्या घरी सीड प्लॉट आहे त्यांनी तो निबंध जरूर मिळवून वाचावा. मुठीतले मिरचीचे बी शुद्ध आहे की भेसळीचे, हे कोणाला तरी नुसते पाहून सांगता येते का?

आता पाठवण्याची रीत. एक मोठे उदाहरण घेऊ. ‘अकॅडमी ऑफ मॅनेजमेंट’ ही संस्था १९३६ मध्ये अमेरिकेत स्थापन झाली. तिचे वार्षिक अधिवेशन जुलै-ऑगस्टच्या सुमारास भरते आणि निबंध जानेवारीतच पोचावे लागतात. म्हणजे खरीप उभा राहायच्या वेळेला वाचायचा निबंध रब्बीत पूर्ण करून द्यायचा. संस्थेचे वेगवेगळे विभाग आहेत, निबंध एकाच विभागाकडे पाठवायचा. तो आधी कुठे छापलेला नसावा, वाचलेला नसावा. एका माणसाचे नाव ठरावीक संख्येपेक्षा जास्त निबंधांवर चालत नाही, त्यामुळे जो-तो आपले उत्तम तेच पाठवतो. परीक्षण करणारे सदस्य स्वेच्छेने हे काम करतात. आणि निबंध त्यांच्याकडे जातो तो नाव झाकून. लिहिणारा कोण हे तपासणाऱ्याला कळत नाही, तपासणारा कोण हे लिहिणाऱ्याला कळत नाही.

मित्रहो, या नियमापाशी मला थोडे थांबायचे आहे. आपल्या समाजात माणूस तोंड उघडण्याआधी त्याचे आडनाव विचारले जाते. कोणत्या गावचा, कोणाचा, कोणत्या कॉलेजचा, गाइड कोण. नोकरीच्या मुलाखतीत, चर्चासत्राच्या मांडवात, जेवणाच्या पंगतीतसुद्धा. बाबासाहेबांनी हे आयुष्यभर सोसले. नाव झाकून होणाऱ्या परीक्षणात निदान त्या कागदापुरते हे प्रश्न बंद होतात. जाफराबादच्या मुलीचा निबंध आणि बोस्टनच्या प्राध्यापकाचा निबंध एकाच ढिगात, बिननावाचे पडलेले असतात. हा न्याय पुरा आहे असे मी म्हणत नाही. इंग्रजीचा सराव कमी, ग्रंथालयात नवी नियतकालिके नाहीत, संदर्भ जुने, हे सारे नाव झाकले तरी पानावर उघडे पडते, आणि समीक्षक त्यावरून मनाशी काय ते ठरवतो. तरीही ही खिडकी खरी आहे. ती आपल्या मुलांनी वापरली पाहिजे.

नाव झाकणे हे सांभाळून करायचे काम आहे. पहिल्या पानावरचे नाव काढले की झाले, असे समजून पुष्कळ जण फसतात. फाइलच्या नावात आडनाव राहते. फाइलच्या गुणधर्मांत संगणकाच्या मालकाचे नाव असते. आभाराच्या परिच्छेदात प्राचार्यांचे आणि गाइडचे नाव. मजकुरात ‘आमच्या महाविद्यालयाने केलेल्या पाहणीत’ असे वाक्य. आपल्याच जुन्या निबंधाचा उल्लेख ‘मी पूर्वी दाखवल्याप्रमाणे’ असा. पुष्कळ परिषदा असा निबंध समीक्षकाकडे न धाडता परत करतात. विषय चुकीच्या विभागात टाकलेला, शब्दमर्यादा ओलांडलेली, दिलेला साचा पाळलेला नाही, मुदत टळून गेलेली, ही परत येण्याची बाकीची कारणे. यांत बुद्धीचा प्रश्न कुठेच नाही. दोन संध्याकाळी परिषदेचे सूचनापत्रक नीट वाचले असते तर हे टळले असते, याची हळहळ मला परीक्षण करताना फार वाटते.

पण खरी कसोटी लागते ती प्रश्नाला. आपल्याकडच्या निबंधांची शीर्षके आठवा: ‘जालना जिल्ह्यातील बियाणे उद्योग: समस्या आणि संधी, एक अभ्यास’. यात प्रश्न कुठे आहे? त्याऐवजी असे विचारा: तपासणीचा निकाल उशिरा लागला तर शेतकरी पुढच्या हंगामात कंपनी बदलतो का? लगेच कळते की कोणाला भेटायचे, काय विचारायचे, कोणते कागद मागायचे. सारांश लिहायचा तर पाच-सहा वाक्यांत सांगा: प्रश्न काय, आधी कोणी काय शोधले, तुम्ही कुठे आणि कोणाकडून माहिती घेतली, काय सापडले, त्याने काय फरक पडतो. ‘सापडले’ हा भाग बहुतेक सारांशांत नसतोच. ‘या निबंधात विविध बाबींचा आढावा घेतला आहे’ असे म्हणून तो संपतो.

माहिती गोळा करण्याबद्दल एक कळकळीची गोष्ट. पाच पर्यायांची प्रश्नावली, गुगल फॉर्मवर, व्हॉट्सॲपच्या गटांत फिरवली आणि आलेल्या उत्तरांवर टक्केवारी काढली, ही पद्धत फार बोकाळली आहे. शेडनेटमध्ये क्रॉसिंग करणारी बाई तुमचा फॉर्म भरणार नाही. तिच्याजवळ जाऊन बसावे लागेल, आणि तिची मजुरी बुडणार नाही अशा वेळी. ‘पूर्णपणे सहमत’ आणि ‘सहमत’ यांतला फरक तिला विचारण्यात अर्थ नाही. गेल्या हंगामात किती दिवस काम मिळाले, पैसे कधी मिळाले, कोणी दिले, हे ती चोख सांगेल. शेतकऱ्याकडे वजनाच्या पावत्या असतात, उचलीच्या नोंदी असतात, कधी कराराची प्रतही असते. त्या मागा, आणि कशासाठी मागतो ते आधी सांगा. त्यांची नावे निबंधात येऊ देऊ नका. ज्याच्या जिवावर निबंध उभा राहिला त्याला पुढच्या हंगामात प्लॉट नाकारला गेला, असे कधी घडता कामा नये.

आपले विषय बाहेरचे लोक येऊन लिहितात, हेही ध्यानात घ्या. मुंबईच्या डबेवाल्यांवर हार्वर्ड बिझनेस स्कूलने २०१० मध्ये अभ्यासप्रकरण काढले आणि जगभरच्या वर्गांत ते शिकवले जाते. मावळ-खेडच्या माणसांचे काम तिथपर्यंत पोचले याचा आनंदच आहे. बाहेर पोचणे आपल्या भागालाही नवे नाही. आपल्या भोकरदनचे, म्हणजे जुन्या भोगवर्धनचे नाव सांचीच्या स्तूपावरच्या दानलेखांत कोरलेले आहे. या प्रदेशातला पैसा आणि नाव दोन हजार वर्षांपूर्वी दूरवर पोचत होते. ज्ञान मात्र इथून बाहेर जाताना दिसत नाही, आणि मला ते बोचते.

मग आपल्याकडे निबंध लिहिले जात नाहीत का? ढिगाने लिहिले जातात. २०१० मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राध्यापकांच्या बढतीसाठी गुणांकाची पद्धत आणली आणि परिषदेत निबंध वाचण्याला गुण मिळू लागले. २०१६ च्या नियमांनी पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला प्रबंध देण्याआधी दोन परिषदांत निबंध वाचणे सक्तीचे केले. हेतू चांगला होता. परिणाम असा झाला की एका दिवसाच्या ‘आंतरराष्ट्रीय’ परिषदा गल्लोगल्ली भरू लागल्या. सकाळी उद्घाटन, दुपारी जेवण, एकाच वेळी चार खोल्यांत पाच-पाच मिनिटांचे वाचन, संध्याकाळी सर्टिफिकेट. निबंध कोणी वाचला? कोणीच नाही. २०२२ च्या नियमांत ही सक्ती गेली, सवय गेलेली नाही.

परिषद खरी की नुसती पैशाची, हे ओळखायला कठीण नाही. तपासणी आधी की पैसे आधी, एवढे पाहा. निबंध पाठवल्यावर दुसऱ्याच दिवशी स्वीकारपत्र आणि सोबत खाते क्रमांक आला, तर तुमचा निबंध कोणी उघडलेला नाही. २००५ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या तीन विद्यार्थ्यांनी संगणकाकडून निव्वळ निरर्थक वाक्यांचा निबंध तयार करवला आणि फ्लोरिडातल्या एका परिषदेला पाठवला. तो स्वीकारला गेला. अशा ठिकाणी तुमचा खरा निबंध स्वीकारला गेला तरी त्यातून तुम्हाला काय कळणार? तुमची चूक कोणी दाखवली नाही, तुमचा चांगला मुद्दा कोणी ओळखला नाही. पैशाचा तोटा भरून निघतो. वर्षभराची मेहनत न वाचता पडून राहिली, हा तोटा मोठा आहे.

उचलेगिरीबद्दल थोडक्यात सांगतो. आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, त्यापुढे शिक्षेच्या पायऱ्या आहेत, आणि प्रबंधात ते साठ टक्क्यांच्या वर गेले तर विद्यार्थ्याची नोंदणीच रद्द होते. त्यामुळे आपल्याकडे सगळा जीव टक्केवारीत अडकतो. दुसऱ्याचे इंग्रजी पान मराठीत आणले तर सॉफ्टवेअर ते बहुधा पकडणार नाही, पण चोरी ती चोरीच. आपलाच छापलेला निबंध भाषांतर करून नवा म्हणून दुसरीकडे पाठवणे, हेही चालत नाही.

भाषेचा प्रश्न मी टाळणार नाही. इंग्रजीवाचून मोठ्या परिषदा बंद आहेत, हे खरे. पण विचार मराठीत पक्का झाल्याशिवाय इंग्रजी सुधारत बसू नका. मराठी अर्थशास्त्र परिषद वर्षानुवर्षे मराठीत अधिवेशने भरवते, ‘अर्थसंवाद’ हे तिचे नियतकालिक आहे. आपल्या विद्यार्थ्यांचा पहिला निबंध तिथे जावा, तिथल्या जाणत्यांनी त्याची चिरफाड करावी. त्यातून निघालेला पुढचा प्रश्न, नवी माहिती घेऊन, इंग्रजीत लिहावा आणि इंडियन कॉमर्स असोसिएशन किंवा इंडियन अकॅडमी ऑफ मॅनेजमेंट यांच्याकडे पाठवावा. परदेशी अधिवेशनाचा खर्च आपल्या मुलांच्या आवाक्याबाहेरचा आहे. तिकडे पाठवण्याआधी प्रवासाचे साहाय्य मिळते का, ऑनलाइन वाचता येते का, हे पत्र लिहून विचारावे. विचारायला संकोच नको.

निबंध परत आला तर समीक्षकांचे अभिप्राय जपून ठेवा. दोन अनोळखी, जाणत्या माणसांनी तुमचे लिखाण ओळ न ओळ वाचले आणि मोबदला न घेता मत दिले, एवढे आपल्या आयुष्यात फार थोड्या वेळा घडते. राग ओसरू द्या, मग ते पुन्हा वाचा. त्यातले निम्मे तरी पटेल.

प्राध्यापक मित्रांना माझी विनंती आहे. यंदाच्या हंगामात एम.कॉम.च्या मुलांपैकी दोघा-तिघांना एकेका सीड प्लॉटवर पाठवा, मशागतीपासून निकालाचा पैसा हातात येईपर्यंत. प्रत्येकाने रोजची वही ठेवावी, आणि त्या वह्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जपाव्यात, म्हणजे पुढच्या तुकडीला शून्यातून सुरुवात करावी लागणार नाही. निबंध तयार झाला की परिषदेला पाठवण्याआधी तो मराठीत त्या शेतकऱ्यांना आणि क्रॉसिंग करणाऱ्या बायांना वाचून दाखवा. त्या जिथे ‘असं नसतं हो’ म्हणतील तिथे खूण करा, ते दुरुस्त करा, आणि मगच पाठवा.